नखीची पाटी

सेवानिवृत्त शाळामास्तर बोलणार म्हटल्यावर शिस्त, शुद्धलेखन किंवा मुलांचें अवांतर वाचन असा कांहीं तरी विषय आपण अपेक्षिला असेल. मी मात्र आज गिटारीबद्दल बोलणार आहें. गिटार मला वाजवितां येत नाहीं, आणि माझें सुरांचें ज्ञान शाळेच्या प्रार्थनेच्या पेटीपलीकडे कधीं गेलेलें नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्यांत त्या वाद्याचा एक लहानसा अवयव माझ्या हातून घरीं तयार झाला. आणि तो तयार होतां होतां ज्या कांहीं गोष्टी ह्या वयांत नव्यानें कळल्या, त्या आपणांस सांगाव्या असें वाटलें.

हा अवयव म्हणजे गिटारीच्या तोंडावर, ध्वनिछिद्राच्या कडेला, तारांच्या खालच्या अंगास चिकटविलेला थेंबाच्या आकाराचा पातळ तुकडा. इंग्रजींत त्यास पिकगार्ड म्हणतात. मराठींत त्याला शब्द नाहीं, कारण ती वस्तूच आपल्याकडे नव्हती. सतारीची तार जिनें छेडतात तिला आपण नखी म्हणतों. गिटार वाजविणाराही एका चपट्या, त्रिकोणी नखीनेंच वाजवितो. म्हणून मी ह्या तुकड्यास ‘नखीची पाटी’ म्हणूं लागलों. ज्याचा जन्म पाटीपुढें गेला, त्याला दुसरा शब्द सुचावा तरी कोठून?

ही पाटी लागते कशासाठीं? सतारीची नखी तर्जनीवर घट्ट चढविलेली असते, आणि तिची चाल फार दूर जात नाहीं. गिटारीची नखी आंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत धरून सहाही तारांवरून झपाट्यानें ओढावयाची असते. शेवटची तार सुटली कीं हात वेगाच्या भरांत पुढें जातो, आणि नखीचें टोंक लाकडास लागतें. एकदां लागलें तर त्याचें कांहीं नाहीं. परंतु रोज शेंकडों वेळां लागूं लागलें म्हणजे प्रथम रोगण जातें आणि मग लाकूड झिजूं लागतें. हें लाकूड बहुधा स्प्रूस नांवाच्या मऊ सूचिपर्णी झाडाचें असतें, आणि त्याची जाडी अवघी अडीच ते तीन मिलिमीटर असते.

आपल्याकडे सतारीच्या व तंबोऱ्याच्या ज्या भागास तबली म्हणतात, तोच हा भाग. मिरजेंत हीं वाद्यें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आलीं आहेत. फरीदसाहेब सतारमेकर ह्यांच्यापासून ती परंपरा सांगतात, आणि २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. पंढरपूर भागांतला भोपळा, तुणीचें लाकूड, त्यावरची घोडी आणि तारा, एवढाच हा संसार. पण तबली जाड राहिली तर सारें फुकट. तबली थरथरली तर वाद्य बोलतें; ती दाबली गेली तर वाद्य मुकें होतें. म्हणून गिटारीस पाटी बसविण्यांत मूळचीच एक अडचण आहे. जें झांकावयाचें, तेंच बोलावयाचें असतें.

ह्या पाटीच्या द्रव्याची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकांत इटलींत होणाऱ्या मॅन्डोलिनच्या तोंडावर कासवाच्या पाठीचा तुकडा जडवीत. हें हॉक्सबिल नांवाचें समुद्रांतील कासव. त्याच्या पाठीवरील तपकिरी-पिवळ्या खवल्यांच्या फण्या, डब्या व चष्म्यांच्या चौकटी होत असत, आणि माणसाच्या ह्या हौसेपायीं तो जीव नामशेष होण्याच्या बेतास आला. १९७५ पासून अमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें पुढें ह्या व्यापारास बंदी झाली. त्याच्या कितीतरी आधीं, १८७० च्या सुमारास, अमेरिकेंत जॉन वेस्ली हायट ह्यानें कापूस-कागदाच्या जातीचें रासायनिक द्रव्य आणि आपला देवघरांतला कापूर ह्यांच्या मिश्रणांतून सेल्युलॉइड तयार केलें. बिलिअर्डच्या हस्तिदंती चेंडूस पर्याय शोधावा हा त्याचा हेतु. पण त्यांतून फण्या, बाहुल्या आणि चित्रपटाच्या फितीही निघाल्या. दादासाहेब फाळके ह्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ असल्याच फितीवर उतरला. सतार-तंबोऱ्यांच्या वेलबुट्टींत पुढें हेंच सेल्युलॉइड आलें, आणि गिटारीच्या पाट्याही कासवाच्या पाठीची नक्कल केलेल्या सेल्युलॉइडच्या होऊं लागल्या.

ह्या द्रव्याचे दोष दोन. एक तर तें झटकन् पेट घेतें; पुण्यास जुन्या फितींच्या कोठारास २००३ सालीं आग लागून आपल्या चित्रपटांचा केवढा ठेवा गेला हें पुष्कळांस आठवत असेल. दुसरा दोष असा कीं, वयोमानानें तें आटतें. अमेरिकेंतील कित्येक जुन्या, नामांकित गिटारींवर अशी पाटी रोगण देण्यापूर्वींच कोऱ्या लाकडास डिंकानें चिकटविलेली असे. पाटी आटूं लागली कीं ती खालच्या लाकडास आपल्याबरोबर ओढी, आणि तारांच्या दिशेनें लाकडास उभी चीर जाई. रक्षणासाठीं जें लावलें, त्यानेंच वाद्य फाडलें. म्हणून हल्लीं पाट्या बहुधा दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकच्या असतात, आणि रोगण पुरतें वाळल्यावर त्यावर चिकटवितात.

आतां माझ्या घरची हकीकत. आमचें गांव जऊळका. वाशिम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांत, अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हें स्टेशन आहे, म्हणून गांवाला जऊळका रेल्वे म्हणतात. माझा मुलगा अकोल्यास कॉलेजांत होता. एका सुटींत येतांना त्यानें एक जुनी गिटार आणली. पैसे कोठून आणलेस, असें मीं विचारलें. खानावळींतलें एक वेळचें जेवण तीन महिने बंद ठेवून सांठविले, असें तो म्हणाला. मला राग आला. मॅट्रिकनंतर मला पुढें शिकतां आलें नाहीं. शिक्षकाचें प्रमाणपत्र घेऊन मी नोकरीस लागलों. मुलानें तरी पदवी घ्यावी ह्यावर माझें सारें लक्ष होतें. त्यास वाजवूं नकोस असें मीं कधीं म्हटलें नाहीं. मात्र तो वाजवूं लागला कीं मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसत असें. तोंडानें सांगितलेलें मुलें विसरतात. असें न सांगितलेलें त्यांना पक्कें समजतें. चार वर्षांनीं तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला, आणि गिटार आमच्या पत्र्याखालच्या माळ्यावर गेली.

गेल्या मे महिन्यांत माझी चौदा वर्षांची नात सुटीसाठीं आली आणि तिनें ती खालीं काढली. ती पुण्यास गिटार शिकते. तारा गंजल्या होत्या. पत्र्याखालीं वऱ्हाडाचा उन्हाळा म्हणजे काय हें विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांस सांगून कळणार नाहीं. त्या उष्म्यानें डिंक सुटून पाटीचे कांठ पापडासारखे वर वळले होते, आणि मधोमध तिला तडा गेला होता. शहरांतील एका दुकानदारास मीं फोन केला. "मास्तर, एवढ्या जुन्या वाद्यावर कशाला खर्च करतां? नवें घ्या," असें त्यानें सांगितलें. नात जवळच होती. ती म्हणाली, "आबा, आपणच करूं ना घरीं." कार्यानुभवाच्या तासाला मीं मुलांकडून पुठ्ठ्याच्या किती तरी वस्तु करून घेतल्या होत्या; मला नाहीं म्हणवेना.

त्यानंतर नात चार दिवस वाशिमास मामाकडे गेली. तेवढ्यांत काम उरकून तिला चकित करावें असें मनांत आणून मीं तारा काढल्या, पाटीचा वर आलेला कांठ चिमटींत धरला आणि ओढला. अर्धी पाटी सहज आली. उरलेली अडली, तेव्हां माझा जुना मास्तरी स्वभाव उसळला. जें ऐकत नाहीं त्याला जोर दाखवावा! चर्र असा आवाज झाला, आणि पाटीबरोबर बोटाएवढें लांब लाकडाचें सालपट वर उचललें गेलें. खरी रीत मला मागून कळली ती सांगून ठेवतों: केस वाळविण्याच्या यंत्रानें पाटी कोमट करावी, डिंक मऊ होऊं द्यावा, आणि शिवणाचा मजबूत दोरा पाटीखालून करवतीसारखा हळूहळू फिरवावा. उरलेला डिंक आंगठ्यानें चोळून काढावा. थिनर लावूं नये. त्यानें रोगणही विरघळतें.

पाटीखालचें लाकूड पांढुरकें होतें. भोंवतालचें वयानें मधाच्या रंगाचें झालेलें. मुलानें गिटार घरीं आणली त्या दिवसांचा रंग त्या तेवढ्या थेंबांत जसाच्या तसा राहिला होता. आणि पाटीच्या कांठाबाहेर, घोडीच्या दिशेनें, बारीक ओरखड्यांचा एक दाट पट्टा होता. रोगण गेलेलें, लाकूड उघडें पडलेलें. ती पाटी त्याच्या हातास अपुरी होती. मी ओट्यावर बसलेला असतांना तो किती वाजवीत होता, ह्याची ती लेखी नोंदच माझ्यापुढें होती.

माझ्या मनांत पहिला विचार काय आला तो सांगावयास मला संकोच वाटतो. तो असा, कीं नवी पाटी जरा मोठी केली म्हणजे हें सालपट, तो पांढरा डाग आणि ते ओरखडे, सारें एकदम झांकलें जाईल. कोणास कळणार नाहीं. गांवच्या सुताराकडून मीं मायकाचा तुकडा आणला. स्वयंपाकघराच्या ओट्यांवर व कपाटांवर बसवितात तोच हा, एक मिलिमीटर जाडीचा. बारीक करवतीनें कापून व कानशीनें घासून दोन दिवसांत मीं तळहातापेक्षां मोठी पाटी तयार केली, आणि तात्पुरत्या चिकटपट्टीनें बसवून टाकली. नव्या ताराही चढविल्या.

नात परत आली. तिनें गिटार घेतली, दोन-चार वेळां छेडली आणि म्हणाली, "आबा, आवाज बसल्यासारखा का वाटतो?" शिवाय गिटारीचें तोंड दिसावयास सपाट असलें तरी मधें किंचित् फुगीर असतें. ताठ मायका त्या फुगीरपणाशीं जुळेना, आणि त्याचा एक कांठ तारांच्या नादाबरोबर झणझणूं लागला. दोष मायकाचा नव्हे. त्याची जागा भिंतीसारख्या सपाट फळीवर, ती मीं चुकविली.

आवाज बसला असें नुसतें म्हणून भागत नाहीं, प्रयोग केला पाहिजे, असें मी सवयीनें बोलून गेलों. १७८७ सालीं क्लाडनी नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून नाद डोळ्यांना कसा दिसतो ह्यावर पुस्तक लिहिलें. त्यांतला प्रयोग मीं वर्गांत सांगितलेला होता. वाळूनें रोगण खरवडेल म्हणून आम्हीं खसखस घेतली. गिटार गोधडीवर उताणी ठेवली, तोंडावर चिमूटभर खसखस पसरली, आणि नातीनें सर्व तारा जोरानें छेडल्या. घोडीच्या आसपासचे दाणे टणाटण उड्या मारूं लागले. ध्वनिछिद्राच्या वर, मानेजवळचे दाणे बहुतेक जागच्या जागीं राहिले. कांहीं छिद्रांतून आंत गेले, आणि खसखशीचा भाव ठाऊक असलेल्या तिच्या आजीनें त्याबद्दल आम्हां दोघांस जें ऐकविलें तें येथें सांगत नाहीं. पण मुद्दा स्पष्ट झाला. छिद्राच्या कडेला, नेहमींच्या जागीं बसलेली पातळ पाटी आवाजास फारशी नडत नाहीं. माझी पाटी मात्र ओरखडे झांकण्याच्या लोभानें घोडीपर्यंत उतरली होती. जेथें लाकूड सर्वांत अधिक बोलतें, नेमकें तेथेंच मीं त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

"आतां पाटी काढून तोच प्रयोग करूं," नात म्हणाली. प्रयोगाची रीत बरोबर होती. मींच ती तीस वर्षें शिकविली होती. आतां लपवावयास जागा उरली नाहीं. मीं पाटी काढली, सालपट तिला दाखविलें आणि कसें निघालें तेंही सांगितलें. तिनें बोट फिरवून पाहिलें. "जोडतां येईल ना, आबा? मग जोडूं." एवढेंच बोलून ती ओरखड्यांकडे वळली. ते सर्व बुजविण्याचा माझा बेत ऐकून ती म्हणाली, "ते राहूं द्या. ते बाबांचे आहेत."

त्यानंतर काम सरळ झालें. सालपटाखालीं सुईच्या टोंकानें सुताराचा पांढरा डिंक भरला, वर मेणकागद व दोनशें ग्रॅमचें वजन ठेवलें, आणि एक रात्र तसेंच राहूं दिलें. सकाळीं बोट फिरविलें तर सांधा लागेना. उघड्या पडलेल्या ओरखड्यांवर लाखेच्या पॉलिशाचा एक हलका हात दिला. त्यानें मळ आंत जात नाहीं आणि रेघाही झांकल्या जात नाहींत.

मग पाटी केवढी असावी हें ठरविण्याचा प्रश्न. विकत मिळते ती पाटी सर्वांसाठीं असते. घरीं करावयाची ती एका हातासाठीं. नखी कोठें लागते हें आपणच पाहूं, असें मीं म्हटलें. तिच्या आजीच्या गुडघ्याचें जुनें क्ष-किरण चित्र घरांत होतें. ती काळसर फिल्म मीं तारांखालीं सरकवून गिटारीच्या तोंडावर अलगद चिकटविली, नखीच्या टोंकास खडू चोळला, आणि नातीस अर्धा तास मनाला येईल तें वाजवावयास सांगितलें. मधून मधून खडू पुन्हां लावीत गेलों. अर्ध्या तासानें काळ्या फिल्मवर पांढऱ्या रेघांचा पुंजका उमटला. अगदीं पाटीवर गिरविल्यासारखा! तिचा हात लहान, फटकारा आंखूड. वडिलांच्या ओरखड्यांपाशीं तिच्या रेघा पोंचतच नव्हत्या. जुन्या पांढऱ्या डागाबाहेर त्या जेमतेम दोन बोटें गेल्या. त्या रेघा आणि तो डाग ह्यांना धरून मीं फिल्मवर आकार आंखला, आणि घोडीपासून बोटभर जागा मोकळी सोडली. तीच फिल्म कापली कीं नमुना तयार; उजेडाशीं धरली म्हणजे ती आरपार दिसते, त्यामुळें छिद्राच्या नक्षीशीं कांठ जुळविणें सोपें जातें.

वाशिमास नांवांच्या पाट्या व गाड्यांचे नंबर करून देणारें रेडियमचें दुकान आहे. तेथून अर्धा मिलिमीटर जाडीची तपकिरी प्लास्टिकची चकती व दोन्ही बाजूंनीं चिकटणारा पातळ कागद आणला. अर्धा मिलिमीटर नखीस पुरतो, फुगीर तोंडावर वळतो आणि वजनास कांहींच नसतो. नमुना वर ठेवून सुईनें आकार ओरखडला. कातरीनें रेघेबाहेर दोन मिलिमीटर सोडून कापलें. कारण जास्त उरलेलें कमी करतां येतें, कमी झालेलें वाढवितां येत नाहीं. मग बारीक कानशीनें रेघेपर्यंत आलों. कानस एकाच दिशेनें चालवावी; मागेंपुढें केली कीं कांठ थरथरतो. पाटीची कड उभी न ठेवतां उतरती केली, म्हणजे नखी तिला अडत नाहीं. आणि शेवटीं ओल्या पॉलिश पेपरानें कड गुळगुळीत केली.

चिकटवितांना दुकानदारानें साबणाच्या पाण्याची युक्ति सांगितली होती. पाण्यावर पाटी सरकवून जागेवर आणतां येते. पण आमचें लाकूड नुकतेंच जोडलेलें, त्यास पाणी नको. म्हणून तारा सैल करून बाजूस घेतल्या, पाटी कोरडीच जागेवर ठेवली, आणि एका कांठास चिकटपट्टी लावून तिची बिजागरी केली. मग पाटी दाराप्रमाणें उघडून मागचा कागद बोटभर सोलला, तेवढा भाग दाबला, आणि असेंच पुढें पुढें जात आंतली हवा आंगठ्यानें बाहेर काढीत आलों. घाई केली तर बुडबुडा राहतो, आणि एकदां राहिलेला निघत नाहीं. पाटी बसली. वरच्या कोंपऱ्यास कानस जरा जास्त चालली आहे; बारकाईनें पाहणाऱ्यास तें दिसतें.

जूनमध्यें मुलगा नातीस नेण्यासाठीं आला. त्यानें गिटार उचलली, पाटीवरून बोट फिरविलें, आणि तें बोट पाटीचा कांठ ओलांडून त्याच्या जुन्या ओरखड्यांवर जाऊन थांबलें. "हे ठेवले का, बाबा?" त्यानें विचारलें. मीं नातीकडे बोट दाखविलें. श्रेय तिचें होतें. मग तो वाजवूं लागला. सवयीनें माझे हात खुर्चीच्या दांड्यावर टेकले, पण मी उठलों नाहीं. काय वाजविलें तें मला सांगतां येणार नाहीं. तास-दीड तास वाजविलें, एवढें घड्याळावरून सांगतों.

श्रोतेहो, आपल्या घरीं असें एखादें वाद्य माळ्यावर असेल तर तें खालीं काढा, आणि त्याची पाटी उचकटली असेल तर ती घरीं अवश्य करून पाहा. पुठ्ठा, कातर, कानस, खडू आणि चार दिवसांचा धीर, एवढ्यावर ती होते. एक पथ्य मात्र पाळा. पाटी लावावयाची ती उद्यां पडणाऱ्या ओरखड्यांसाठीं. काल पडलेले झांकण्यासाठीं नव्हे. त्या लोभानें ती वाढत जाते, आणि वाद्याचा आवाज दाबते.